निलंग्याच्या शेडात पुष्पक : उजव्या पंखाचा स्पार ठेवू की काढू?

पत्र्याचं_शेड · १४ ऑक्टोबर २०२४

नमस्कार मंडळी. दोन वर्षं लिहीन लिहीन म्हणत होतो. आता एका जागी अडलोय, म्हणून लिहितोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझं निलंग्यात ट्रॅक्टर आणि पाणबुडी मोटरच्या दुरुस्तीचं दुकान आहे. घरामागं पत्र्याचं मोठं शेड आहे. १९९३ च्या भूकंपात आमचं माळवद बसलं. ती दगडमाती उपसून मोकळ्या झालेल्या जागेवर अण्णांनी हे शेड घातलं. आज त्यात एक पुष्पक विमान उभं आहे. उभं म्हणजे धड चाकांवर आणि पंख भिंतीला टेकवून.

ज्यांना पुष्पक माहीत नाही त्यांच्यासाठी. हिंदुस्तान एअरक्राफ्टनं बंगळुरात बांधलेलं हे दोन माणसांचं शिकाऊ विमान. पहिलं उड्डाण २८ सप्टेंबर १९५८ चं. अमेरिकेच्या एरोंका चीफवर बेतलेलं. पंख डोक्यावर, दोघं शेजारी शेजारी बसणार, शेपटीखाली छोटं चाक, पुढं ९० अश्वशक्तीचं काँटिनेंटल सी-९०-८एफ इंजिन. धड पोलादी नळ्यांचं, पंख लाकडाचे, वरून सगळं कापड. साधारण १६० बांधली गेली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली.

अण्णा तरुणपणी हैदराबादला एका फ्लाइंग क्लबात हँगर हेल्पर होते, ११ वर्षं. विमान पुसायचं, चाकात हवा भरायची, पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, झटका द्यायचा आणि कापड शिवायचं. मी लहान असताना पोत्याचं तोंड शिवतानाही ते म्हणायचे, "असं नाही, पुष्पकाला असं शिवायचो." त्यामुळं एका बंद पडलेल्या क्लबाच्या भंगारात हे विमान किलोच्या भावानं जायला लागलंय असं कळलं, त्या रात्री मी झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन गेलो.

उडवायचं नाही हे पहिल्यापासून ठरलेलं. रजिस्ट्रेशन केव्हाच रद्द झालंय. पूर्ण जोडायचं, इंजिन चालू करायचं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या लेकरांना आत बसवायचं, एवढंच.

आतापर्यंत झालेलं: धडाच्या खालच्या लांब नळ्यांत शेपटीकडं पाणी साचून आतून गंज होता. बाहेरून रंग एकदम ठीक. हातोडीनं टकटक केल्यावर तेवढ्या भागात आवाज बद्द आला, पोगर (टोकदार लोखंडी हत्यार) ठोकला तर सरळ आत गेला. साडेतीन फूट नळी कापून क्रोमोलीची (मजबूत मिश्र पोलादाची) नवीन बसवली, गॅस वेल्डिंगनं. मग प्रत्येक नळीला बारीक छिद्र पाडून गरम जवसाचं तेल ओतलं, धड उलटंपालटं करून ते सगळीकडं फिरवलं, निथळू दिलं आणि छिद्रं बंद केली. कुणाला करायचं असेल तर घाण्यावरचं कच्चं तेल घेऊ नका, ते लवकर वाळत नाही. रंगाच्या दुकानात डबल बॉइल्ड मिळतं ते घ्या.

आता अडचण. उजव्या पंखाचा पुढचा स्पार, म्हणजे पंखाचा मुख्य वासा. स्ट्रट, म्हणजे पंखाला खालून आधार देणारा तिरका दांडा, जिथं धरतो तिथं लाकडाला जाडसर फळी चिकटवलेली आहे. तिच्या बाहेरच्या कडेपासून दोन बोटांवर, लाकडाच्या रेषांना आडवी, केसासारखी एक ओळ आहे. टॉर्च समोरून मारला तर काही दिसत नाही. लाकडावर झोपवून मारला की सावली पडते. नखाला लागत नाही. बाकी स्पार घंटेसारखा वाजतोय, कुठं कीड नाही, कुज नाही. विमानाच्या लॉगबुकात (नोंदवहीत) १९७६ मध्ये एकच ओळ आहे : उजव्या पंखाचं टोक दुरुस्त केलं.

ठेवू की काढू?

कामून_बरं · १४ ऑक्टोबर २०२४

दादा, आधी तुम्हाला आणि अण्णांना नमस्कार. पण मनापासून विचारतो, विमान उडणारच नसेल तर केसाएवढ्या रेषेनं काय बिघडतंय? कापड चढवलं की झाकून जाईल. लेकरं बसणार धडात, पंखावर कुणी लटकणार नाही. मी स्वतः शेतकरी आहे, दोन वर्षांचे कष्ट आणि पैसा काय असतो ते कळतं. कामून त्या एका वाशापायी अडून बसायचं?

सागवान · १५ ऑक्टोबर २०२४

मी जालन्यात तीस वर्षं सुतारकाम करतोय. सोळा फुटांचा सरळ, बिनगाठीचा सागवान मिळवून देऊ शकतो. स्पार अख्खा बदला. नाहीतर रेष आहे तेवढाच भाग कापून तिरका सांधा मारू. सागाला वाळवी लागत नाही, पाण्याचं भय नाही. मजुरी घेणार नाही, फक्त एकदा विमान बघू द्या.

निवृत्त_एएमई · १५ ऑक्टोबर २०२४

शेडवाले, मी एएमई, म्हणजे विमानदुरुस्तीचा लायसन्सधारी इंजिनिअर होतो. तुम्ही टॉर्च झोपवून मारला हे फार चांगलं केलंत. पुष्कळ लायसन्सधारी लोकही ते करत नाहीत.

या रेषेला आम्ही कॉम्प्रेशन फेल्युअर म्हणतो. लाकूड ओढ चांगली सोसतं, दाब त्यामानानं कमी. पंखाचं टोक जमिनीला आपटलं की स्पार वाकतो आणि आतल्या बाजूचे धागे दबतात. स्पार परत सरळ होतो, पण दबलेले धागे तिथंच मोडून बसलेले असतात. दिसायला सुरकुती, प्रत्यक्षात तिथं लाकूड तुटलेलं आहे. पुढं कधी त्याच जागी ओढ आली तर स्पार एकदम जातो, खडूसारखा, आधी करकर आवाजही न देता.

तुम्ही सांगितलेली जागाही नेमकी तीच. जाड फळी संपते तिथं ताठर भाग संपून लवचिक भाग सुरू होतो, सगळा ताण त्या कडेवर येतो. अमेरिकेच्या विमान प्रशासनानं २००० साली एरोंकाच्या घराण्यातल्या लाकडी स्पारच्या विमानांसाठी सक्तीच्या तपासणीचा आदेश काढला, तो अशाच चिरांसाठी. चीफसुद्धा त्यात आहे. तुमच्या लॉगबुकातली १९७६ ची ओळ आणि ही रेष एकाच दिवसाची असणार असं माझं मत आहे. त्या वेळी टोक दुरुस्त केलं, आत कुणी बघितलं नाही. नंतर किती शिकाऊ मुलं त्या पंखावर उडाली असतील!

कामून_बरं यांचा प्रश्न योग्य आहे, त्याला सरळ उत्तर देतो. आज तुम्हाला माहीत आहे की हे विमान उडणार नाही. वीस वर्षांनी तुम्ही नसाल, मी तर नसेनच. कुणीतरी हौशी माणूस छान कापड चढवलेलं, इंजिन चालणारं पुष्पक विकत घेईल. त्याला तो पंख निरोगीच वाटेल. कापड फाडून बघायला कुणाचा हात धजत नाही. मी नोकरीत असताना असा स्पार आला की लाल रंगानं फुली मारून करवतीनं दोन तुकडे करायचो. अख्खा ठेवला की कुणीतरी तो वापरतोच.

सागवान, तुमच्या मोठ्या मनाला सलाम, पण साग नको. सिटका स्प्रूस हे परदेशी हलकं लाकूड घेतात ते वजनाच्या मानानं त्याची ताकद जास्त म्हणून. साग साधारण दीडपट जड. शिवाय सागात तेल असतं, सांध्याला गोंद नीट धरत नाही. स्प्रूसमध्येही रेषांचा कल १५ इंचांत १ इंचापेक्षा जास्त चालत नाही. आणि तिरका सांधा म्हणाल तर तो स्ट्रट धरणाऱ्या फिटिंगच्या खाली येता कामा नये. इथं नेमकी तीच जागा आहे.

सागवान · १५ ऑक्टोबर २०२४

साहेब, गोंदाचं अगदी बरोबर सांगितलंत. सागाच्या दाराला सांधा मारायचा असला की आम्हीही आधी थिनरनं पुसतो, तरी दोन उन्हाळ्यांत सुटतो. माझी सूचना मागं घेतो.

पत्र्याचं_शेड · १७ ऑक्टोबर २०२४

सगळ्यांचे आभार. एएमई सर, तुमचं उत्तर अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवलं. ते गप्प बसले. मग म्हणाले, टॉर्च आण.

शेडातले सगळे दिवे बंद करून त्यांनी ती रेष बघितली. बोट फिरवलं. म्हणाले, "माळवदाचा वासा मोडायच्या आधी अशाच सुरकुत्या येतात. आपल्या माजघरात होती. तुझ्या आजीनं दाखवली होती, मी म्हणलं वार्निश तडकलं असंल." भूकंपाच्या पहाटे आमचं माजघर पहिलं बसलं. आजी ओसरीवर झोपली होती म्हणून वाचली. हे मी त्यांच्या तोंडून ३१ वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

स्पार काढणार. डोक्यात तेवढं पक्कं झालं. पुढं काय बसवायचं ते ठरलेलं नाही. नवा स्प्रूस परदेशातून मागवणं माझ्या आवाक्यातलं नाही.

वाळूज_सेकंड_शिफ्ट · १९ ऑक्टोबर २०२४

मी संभाजीनगरला वाळूज एमआयडीसीत क्वालिटीला आहे. स्पारवर साहेब बोललेच आहेत. मी इंजिनाबद्दल विचारतो. ज्या दिवशी पंखाचं टोक घासलं त्या दिवशी प्रोपेलरही जमिनीला लागला असेल का? लागला असेल तर क्रँकशाफ्ट बघितल्याशिवाय इंजिन चालू करू नका. पुढच्या फ्लँजला (प्रोपेलर बसतो त्या चकतीला) डायल लावून फिरवा, किती डोलतोय ते दिसेल. मग शाफ्ट काढून मॅग्नेटिक पार्टिकल तपासणी करून घ्या. शाफ्टला चुंबकत्व देऊन वर लोखंडाच्या कणांचं पाणी सोडतात. चीर असेल तिथं कण रांगेत जमतात आणि जांभळ्या दिव्यात चमकतात. गाड्यांचे क्रँक तपासणारे वर्कशॉप वाळूज, चिकलठाणा दोन्हीकडं आहेत. ट्रकच्या क्रँकला जमतं ते याला सहज जमेल.

पत्र्याचं_शेड · २ नोव्हेंबर २०२४

पाडव्याच्या शुभेच्छा.

वाळूजच्या दादांचं ऐकून फ्लँजला डायल लावला, डोलत नाही. तरी शाफ्ट तपासायला दिलाय.

माझी एक चूक सांगतो. तो उतरवायच्या आधी सिलेंडरची गळती तपासली होती. ८० पौंड दाबाची हवा सोडायची आणि आत किती टिकते ते बघायचं. तीन सिलेंडर सत्तरच्या वर, तिसऱ्या नंबरचा ४१. ट्रॅक्टरच्या सवयीनं म्हणलं रिंगा गेल्या, आणि सिलेंडर उतरवायलाच घेतला. बायको बाजूला उभी होती, ती म्हणाली, हवा तर सायलेन्सरमधून सुसतेय. तिचंच खरं. एक्झॉस्टमधून आवाज आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बोरेटरकडून आला तर इनटेक, आणि क्रँककेसच्या श्वासनळीतून आला तरच रिंगा. व्हॉल्व्ह घासून बसवला, मग ७४ आलं. उगाच रिंगा बदलल्या असत्या.

निवृत्त_एएमई · ३ नोव्हेंबर २०२४

वहिनींचे कान चांगले आहेत. त्यांना दुसऱ्या एका कामात बरोबर घ्या, तेवढं फार महत्त्वाचं म्हणून सविस्तर लिहितो.

सी-९० ला दोन मॅग्नेटो आहेत. मॅग्नेटो स्वतःची वीज स्वतः तयार करतो, बॅटरी लागत नाही. स्विच बंद करणं म्हणजे मॅग्नेटोची वायर जमिनीला जोडणं. ती वायर तुटली असेल तर स्विच बंद असूनही मॅग्नेटो जिवंत असतो. ट्रॅक्टरची किल्ली काढली की इंजिन मेलं, ही सवय इथं माणूस मारते. शेडात कुणी लेकरानं गंमत म्हणून पंखा ढकलला आणि सिलेंडरात थोडं पेट्रोल राहिलं असेल तर इंजिन एक फेरा मारू शकतं, आणि एक फेरा पुरेसा आहे. म्हणून आजच प्रत्येक प्लगची वायर काढून बांधून ठेवा. आठ प्लग आहेत, आठही.

८एफ ला स्टार्टर नाही. पंखा हातानंच मारावा लागतो. अण्णांनी हजारदा मारला असेल, पण आता त्यांनी मारू नये. तुम्ही शिका, आणि तेही चाकांना ठोकळे, शेपटी दोरानं बांधलेली आणि आत ब्रेक दाबून बसलेलं जाणतं माणूस असेल तेव्हाच.

पेट्रोल पंपावरचं घालू नका. त्यात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल येतं. जुन्या रबरी नळ्या, कॉर्कचे फ्लोट, टाकीचं सीलिंग, सगळं खातं. शिवाय ते पाणी धरतं. विमानाचं शंभर एलएल वापरा. पूर्वी ते आयात करावं लागायचं, २०२२ पासून इंडियन ऑइल इथंच बनवतं. मात्र त्यात शिसं आहे. हे इंजिन मूळचं ८० ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी, त्यामुळं खालच्या प्लगांत शिशाचे मणी साठतात. ते दर वेळी काढून साफ करायचे.

आणि एक. घड्याळांच्या आकड्यांवरचा हिरवट पिवळा रंग रेडियमचा असू शकतो. काच उघडू नका, खरवडू नका.

कामून_बरं · ३ नोव्हेंबर २०२४

साहेब, तुमचं पहिलं उत्तर वाचून मी दोन दिवस विचार केला. मी म्हणालो होतो झाकून टाका. आमच्या विहिरीचं कठड्याचं काम एका माणसानं तसंच झाकून दिलं होतं, आत विटांऐवजी माती. गेल्या पावसाळ्यात ढासळलं, म्हैस गेली. तेव्हा मी त्याला काय काय बोललो ते आठवलं. शेडवाले दादा, माझं म्हणणं चूक होतं.

मोंढ्याची_लेक · १० नोव्हेंबर २०२४

धागा आजच बघितला. कापडाबद्दल कुणी बोललंच नाही, म्हणून लिहिते. मी परभणीच्या कृषी विद्यापीठात वस्त्रशास्त्र शिकले. घरची लातूरच्या मोंढ्यात आडत आहे.

आधी जुन्या कापडाची परीक्षा करा, त्यातून पुष्कळ कळतं. बरोबर एक इंच रुंदीची पट्टी कापा, वरचं टोक लाकडी चिमट्यात धरा, खाली बादली टांगा आणि हळूहळू पाणी ओता. पट्टी तुटली की बादली तोला. विमानाच्या ग्रेड ए सुती कापडाची नवेपणी ताकद इंचाला ८० पौंड, म्हणजे ३६ किलो. ती ५६ पौंडांच्या, म्हणजे २५ किलोंच्या खाली गेली की कापड बाद. पंखाच्या वरच्या आणि खालच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या घ्या. वरची आधी तुटेल, ऊन तिनं खाल्लेलं असतं.

नवीन काय घालायचं ते तुमच्यावर, पण मी दोन्ही सांगते. पहिल्या महायुद्धापर्यंत विमानांवर लिनन असायचं. लिनन म्हणजे जवसाच्या झाडाच्या देठाचा धागा. तुम्ही नळ्यांत जे तेल ओतलं त्याच झाडाचा. आपण जवस चटणीसाठी आणि तेलासाठी पेरतो, धाग्याचं वाण उंच आणि वेगळं असतं. युद्धात लिनन कमी पडलं म्हणून अमेरिकेनं लांब धाग्याच्या कापसाचं, कॉस्टिक सोड्यातून काढलेलं कापड तयार केलं. तेच पुढं ग्रेड ए. इंचात ८० ते ८४ धागे, दोन्ही दिशांना. बाजारातलं पॉपलीन त्याच्या जागी घालू नका. दिसायला सारखं असलं तरी उभ्या आणि आडव्या धाग्यांची ताकद सारखी नसते, डोपनं, म्हणजे कापड आवळणाऱ्या लेपानं, एका बाजूला जास्त ओढलं जातं आणि रिबा (पंखाला आकार देणाऱ्या आडव्या फासळ्या) वाकतात.

दुसरं पॉलिएस्टर. हल्ली जगभर तेच घालतात. इस्त्रीनं आवळतं. पण इस्त्रीचा आकडा बघून चालायचं नाही, थर्मामीटर लावून तपासा. १२० अंशांपासून सुरू करा, १७५ च्या पुढं कधीच नको, त्याच्यावर कापड उलट सैल पडतं आणि पुन्हा आवळत नाही.

पत्र्याचं_शेड · १६ नोव्हेंबर २०२४

ताई, बादली टांगली. डाव्या पंखाची वरची पट्टी ११ किलोला तुटली, खालची २३ ला. दोन्ही बाद. वरची तुटली तेव्हा अण्णा म्हणाले, हे कापड बहुतेक आम्हीच चढवलेल्या सालातलं.

मला सुतीच घालायचं आहे. कापसाच्या मुलखात विमान उभं राहणार आणि त्यावर पॉलिएस्टर, मनाला पटत नाही. ग्रेड ए चा एक जुना, न उघडलेला तागा एका सेवानिवृत्त माणसाकडून मिळालाय. बादलीला ३४ किलो उचलले. मात्र तो एकाच पंखाला आणि शेपटीला पुरेल एवढाच आहे.

निवृत्त_एएमई · १६ नोव्हेंबर २०२४

सुती घालणार असाल तर डोपशिवाय आवळणार नाही, आणि डोप म्हणजे आगीशी गाठ. पहिले हात नायट्रेट डोपचे, कारण ते सुती धाग्यात मुरतं आणि धरतं. वरचे ब्युटिरेटचे. उलट क्रम चालत नाही. ब्युटिरेटमध्ये ॲल्युमिनियमची पूड घालून चंदेरी हात द्यायचे, ऊन कापडापर्यंत पोचू नये म्हणून. तुमच्या ११ किलोच्या पट्टीवर चंदेरी थर पातळ होता का बघा.

नायट्रेट हे तोफेच्या स्फोटक कापसाचं भावंड आहे. त्या शेडात त्या दिवसांत वेल्डिंग नाही, ग्राइंडर नाही, देवाचा दिवासुद्धा नाही. सुकलेलं डोप घासताना स्थिर विजेची ठिणगी पडते, म्हणून पाण्यानं ओलं करून घासा.

आणि मुहूर्त. दमट हवेत डोप मारलं की थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि सगळं पांढरं धुरकट होतं. ते पांढरं कमजोर असतं. एप्रिल-मेच्या ४२ अंशांत उलट, हात फिरवायच्या आत सुकतं आणि बारीक छिद्रं राहतात. तुमच्याकडं मार्गशीर्ष ते माघ हा काळ उत्तम. सकाळचं दव उडाल्यावर दहा ते चार.

पत्र्याचं_शेड · ८ डिसेंबर २०२४

ठरलं. सांगतो.

गेल्या शनिवारी शाळेची पस्तीसेक लेकरं आली होती. पहिला प्रश्न, "हेच का पाऊस पाडायचं विमान?" २०१५ ला आणि २०१९ ला मराठवाड्यात ढगांवर फवारणी करायला विमान आलं होतं, त्याच्या गोष्टी घराघरांत आहेत. म्हणलं, ते वेगळं. मग एक पोरगी उघड्या पंखापाशी गेली आणि तिथून हललीच नाही. रिबा मोजल्या, तारा कुठून कुठं जातात ते बोटानं शोधलं, आणि विचारलं, "ही तार ओढली की काय हलतं?" मी कॉकपिटमध्ये जाऊन स्टिक हलवली. पंखाच्या टोकाचा एलेरॉन, म्हणजे मागच्या कडेचा हलता भाग, वर गेला. ती ओरडली. मग सगळ्यांनाच ते बघायचं होतं. धडात बसायला नंतर कुणी फारसं भांडलं नाही.

त्या रात्री ठरवलं. डाव्या पंखाला आणि शेपटीला कापड. तागा तेवढाच आहे. उजवा पंख कायमचा उघडा ठेवायचा, पारदर्शक पत्राही नाही. त्यात सागवान काका आपल्याकडच्या देवदाराचा स्पार घडवून देणार आहेत. त्यावर दर दोन फुटांवर मोठ्या अक्षरांत कोरून घ्यायचं : केवळ प्रदर्शनासाठी, उड्डाणास अयोग्य. कोरलेलं, रंगवलेलं नाही. रंग खरवडता येतो.

मूळ स्पार भिंतीवर. काल करवत घेतली. एएमई सरांनी सांगितलं तसे दोन तुकडे करायचे होते. अण्णांना म्हणलं तुम्ही आत जा. गेले नाहीत. त्यांनी दुसरं टोक धरलं. रेषेपासून दीड फूट सोडून कापला, म्हणजे ती जागा शाबूत राहिली. खाली एक टॉर्च दोरीनं बांधून ठेवणार आहे, लेकरांनी स्वतः झोपवून मारून बघावा.

सर, कागदाचं विचारतो. लॉगबुकात हे सगळं लिहू का?

निवृत्त_एएमई · ८ डिसेंबर २०२४

लिहा. तारीख, स्पारची बाजू, दोषाची जागा मापासकट, काय काढलं, काय बसवलं, आणि हे काम कुठल्याही लायसन्सखाली प्रमाणित नाही, हे स्पष्ट. पुढच्या माणसाला सगळ्यात आधी लॉगबुकच हाती लागतं.

इथं वाचणाऱ्या इतरांसाठी. मुंबईत कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर विमान बांधलं, २०१६ च्या मेक इन इंडिया प्रदर्शनात ते ठेवलं होतं आणि पुढच्या वर्षी त्याला नोंदणी मिळाली. घरात बांधलेलं विमान कायदेशीरपणे उडू शकतं. पण त्याआधी कागदांमागं किती वर्षं गेली ते बघा. नोंदणी आणि उड्डाणयोग्यतेचं प्रमाणपत्र डीजीसीएकडून, म्हणजे सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडून, मिळाल्याशिवाय जमिनीवरून एक फूटही उचलायचं नाही. शेडवाल्यांनी पहिल्याच दिवशी उडवायचं नाही असं ठरवलं, म्हणून मी या धाग्यावर इतकं मोकळं लिहिलं.

आणखी एक. उजवा पंख उघडा राहणार आहे, तर कंट्रोलच्या तारा दर सहा महिन्यांनी तपासा. हातात सुती फडकं घेऊन तारेवरून सरकवा, पुलीपाशी जास्त हळू. एकही बारीक तंतू तुटला असेल तर फडकं अडकतं. उघड्या बोटांनी करू नका, रक्त निघतं.

सागवान · १२ डिसेंबर २०२४

देवदार मिळाला. १७ फूट, गाठ नाही. रेषांचा कल मोजला, वीस इंचांत एक इंचही भरत नाही. प्रदर्शनासाठीच असला तरी साहेबांनी सांगितलेल्या मापानं निवडला. पुढच्या आठवड्यात घेऊन येतो. अक्षरं कोरायची छिन्नी माझ्याकडं आहे, आजोबांची.

वाळूज_सेकंड_शिफ्ट · २१ डिसेंबर २०२४

क्रँकचा रिपोर्ट आला. स्वच्छ. शाफ्टचं चुंबकत्व परत उतरवून घेतलंय, नाहीतर बेअरिंगची सगळी पूड खेचत बसेल. शनिवारी स्वतः घेऊन येतो, पार्सल करणार नाही.

पत्र्याचं_शेड · १९ जानेवारी २०२५

संक्रांतीनंतर डाव्या पंखाला कापड चढलं. पहिला नायट्रेटचा हात शुक्रवारी दिला. सकाळी कापड चादरीसारखं लोंबत होतं, दुपारी टिचकी मारली तर हलगी वाजली.

काल शिवण सुरू केली. हे जरा सविस्तर लिहितो, कारण मराठीत कुठं वाचलेलं नाही. उडताना पंखाच्या वर हवेचा दाब कमी होतो, कापड रिबांपासून वर उचलायला बघतं. म्हणून प्रत्येक रिबवर पट्टी ठेवून कापड मेणाच्या दोऱ्यानं रिबला बांधायचं, पंखाच्या एका बाजूनं दुसऱ्या बाजूला आरपार. पंख पुढच्या कडेवर उभा करायचा. एका बाजूला एक माणूस, दुसऱ्या बाजूला दुसरा. सुई रिबला चिकटून इकडून तिकडं, मग रिबच्या दुसऱ्या अंगानं परत, आणि गाठ. ती गाठ मासे धरायच्या जाळ्याच्या गाठीच्या जातीची आहे, एकदा बसली की सरकत नाही. पंख्याचा झोत लागतो त्या रिबांवर टाके जवळजवळ, बाहेर गेलं की थोडे लांब. अंतर मनानं ठरवायचं नाही. जुन्या कापडावरची छिद्रं मोजून मी कागदावर उतरवून घेतली होती.

अण्णा एका बाजूला, माझी मुलगी दुसऱ्या बाजूला. ४० वर्षांनी त्यांनी ती गाठ मारली. पहिल्या दोन चुकल्या, तिसऱ्या वेळी हातानं आपोआप मारली. मी विचारलं पुन्हा दाखवा, तर त्यांना सावकाश मारताच येईना. वेगातच येते. शेवटी मोबाईलवर शूटिंग घेऊन, थांबवत थांबवत मी शिकलो.

संध्याकाळी तीन रिबा झाल्या होत्या. आज सकाळी उठून शेडात गेलो तर अण्णा आधीच तिथं. तिसऱ्या रिबचे सगळे टाके उसवून ठेवलेले. म्हणलं, काय झालं? म्हणाले, गाठी रिबच्या माथ्यावर आल्यात, पट्टीच्या कडेला पाहिजेत. माथ्यावर आली की वरच्या टेपला फुगवटा येतो आणि तिथंच झिजतं. म्हणलं, अण्णा, हे उडणार थोडंच आहे. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि दाभण पुढं केलं.

उसवताना आमची लांब सुई मोडली. दहा इंची पाहिजे, इथं आठच्या पुढं मिळत नाही. लातूरला कुणाच्या ओळखीत आहे का?

मोंढ्याची_लेक · १९ जानेवारी २०२५

आहे. ताग्याच्या गाठी शिवायची दहा इंची, टोक गोल, कापड न कापणारी. दोन घेतल्यात. उद्या सकाळच्या निलंगा गाडीत वाहकाकडं पाकीट देते, वर तुमच्या दुकानाचं नाव लिहिते. बस स्टँडवर अकराच्या आत जाऊन घ्या. आणि दोऱ्याला मेण लावताना मधमाशीचंच लावा, मेणबत्तीचं थंडीत तडकतं.